रद्दीचा जमाखर्च : कागद पुन्हा कागद होतो तेव्हा

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर इथल्या वाचनालयाच्या एका कार्यकर्त्यांनी आम्हाला एक प्रश्न विचारला होता. प्रश्न साधा होता, पण उत्तर देता आलं नाही, म्हणून आजचा विषय बदलून घेतला. वाचनालयात काही वर्षांची वर्तमानपत्रं साठली आहेत. चंपाषष्ठीची यात्रा झाली, थंडी पडली, की द्राक्षबागायतदार रद्दी मागायला येतात, कारण घडांना पेपर लावायचे असतात. रद्दीवालाही येतो, तो म्हणतो मी गिरणीला पाठवतो, त्याचा पुन्हा कागद होतो. प्रश्न असा की पर्यावरणाच्या दृष्टीनं यातलं बरं कोणतं? द्राक्षाला द्यावं की गिरणीला?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी शब्दांकडे पाहतो. खोड आहे, पण इथे उपयोगी पडते. बागायतदार करतो तो पुनर्वापर. कागद तसाच राहतो, काम बदलतं. गिरणी करते ते पुनर्चक्रण. तिथे कागद मोडून त्याचा लगदा होतो आणि नवा कागद जन्माला येतो. आपल्याकडे वैशेषिक आणि नैयायिक यांचा एक जुना वाद आहे. कच्चा घडा भट्टीत गेला की लाल होतो, तो कसा? वैशेषिक म्हणतात, घडा परमाणूंपर्यंत सुटतो, परमाणू बदलतात आणि नवा घडा जुळतो. नैयायिक म्हणतात, घडा तोच राहतो, फक्त रंग बदलतो. घड्याच्या बाबतीत आम्ही नैयायिकांच्या बाजूचे आहोत. पण रद्दीच्या बाबतीत वैशेषिकच बरोबर म्हणायचे. ती खरोखरच सुटते, आणि सुटताना काहीतरी गमावते. काय गमावते, हे आधी बघू.

कागद म्हणजे वनस्पतीचे तंतू पाण्यात भिजवून, चाळणीवर पसरून, दाबून वाळवलेला थर. त्याला बांधणारा डिंक मुख्यतः तंतूंचाच असतो. ओले तंतू फुगतात, एकमेकांना चिकटतात, वाळले की घट्ट बसतात. रद्दी गिरणीत गेली की पल्पर नावाच्या मोठ्या टाकीत पाण्याबरोबर घुसळली जाते. आपल्या मिक्सरचाच थोरला भाऊ म्हणा. मग पिना, चिकटपट्ट्या, प्लास्टिक गाळून काढतात. पांढरा कागद हवा असेल तर शाई काढावी लागते. लगद्यात साबणासारखं द्रव्य घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात, शाईचे कण फेसाला धरून वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. उसाचा रस उकळताना गुऱ्हाळात मळी काढतात ना, तसंच.

हे प्रत्येक वेळी करताना काही तंतू तुटतात. जे उरतात तेही पहिल्यासारखे फुगत नाहीत. भाकरी एकदा वाळली की पाण्यात घालून ती ताजी होत नाही, तसं. म्हणून एक तंतू साधारण पाच ते सात फेऱ्या टिकतो असं मानतात. नंतर तो इतका आखूड होतो की गाळाबरोबर निघून जातो. दर फेरीत थोडा माल घटतो. शाई काढायची असेल तर घट जास्त, तपकिरी खोक्याचा तपकिरी कागद करायचा असेल तर कमी. म्हणजे पुनर्चक्रण हे चक्र नाहीच, ती उतरती पायऱ्यांची विहीर आहे. वहीचा पांढरा कागद खाली उतरून खोक्याचा होतो, खोकं अंड्यांच्या ट्रेपर्यंत जातं, ट्रे मातीत. वर चढायचं तर नवा तंतू घालावाच लागतो. जगातल्या सगळ्या रद्दीवर सगळा कागद कायमचा चालवू, असं कोणी म्हणालं तर त्याला या विहिरीच्या काठावर उभं करावं.

ही कल्पना काही आजची नाही. लाकडापासून कागद हीच मुळात अलीकडची गोष्ट, १८४०च्या दशकात जर्मनीत लाकूड घासून लगदा करायची युक्ती निघाली तेव्हापासूनची. त्याआधी कागद बहुतेक चिंध्यांचा. आपल्याकडे दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात, जुन्नरला, हेच चालायचं. कोणाचं तरी फाटकं धोतर दप्तरातला कागद होत असे. छापील कागदाची शाई काढून नवा कागद करायची पुस्तिकाही १७७४ साली ग्यॉटिंगेनच्या क्लाप्रोट नावाच्या एका कायद्याच्या प्राध्यापकानं लिहिली होती. कायद्याच्या प्राध्यापकानं! आमच्या जमातीला कोणत्याही विषयात शिरायची मुभा आहे, एवढंच यावरून सिद्ध होतं.

आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य घेऊ. 'एक टन रद्दी म्हणजे सतरा झाडं वाचली.' शाळेच्या भिंतीवर असतं, रद्दीच्या गाडीवरही असतं. हा आकडा परदेशातून आलेला आहे. कोणतं झाड, केवढं, कोणत्या रीतीचा कागद, यावर तो बदलतो. पण आमचा आक्षेप आकड्यावर नाही, 'वाचली' या क्रियापदावर आहे. जंगलातलं जुनं झाड तोडायचं टळलं तर ते वाचलं असं म्हणता येतं. आपल्याकडे १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनं कारखान्यांना सांगितलं की लाकूड शेतकऱ्यांकडून घ्या. त्यामुळे आज गिरण्यांकडे जाणारं लाकूड बरंचसं शेतात लावलेलं असतं, सुबाभूळ, निलगिरी, सुरू. ते झाड तोडण्यासाठीच लावलेलं. मागणी घटली तर शेतकरी झाड 'वाचवत' नाही, तो पुढच्या वेळी झाड लावतच नाही, त्या जागी दुसरं पीक घेतो. द्राक्षाची बाग 'वाचवायला' तुम्ही द्राक्षं खायची बंद कराल का?

मग जंगलाचा प्रश्न नाहीच का? आहे, आणि तो आपल्या राज्यातच आहे. पण तो झाडापेक्षा बांबूचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू अनेक दशकं बल्लारपूरच्या कागद गिरणीला मिळत आला. तिकडे कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला सरकार बांबू दीड रुपये टनानं देत होतं, हे माधव गाडगीळांनी वारंवार लिहिलं आहे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना मात्र तोच बांबू बाजारात कितीतरी पटींनी महाग घ्यावा लागे. स्वस्त मिळालेली वस्तू कोणी जपून वापरत नाही, आणि झालंही तसंच. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला, त्यात बांबू गौण वनोपज ठरला, आणि २०११ साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला आपला बांबू स्वतः विकायचा अधिकार मिळाला. कागदाच्या पर्यावरणाविषयी बोलताना आम्ही हे मुद्दाम सांगतो. जंगलाचं भलं रद्दीच्या डब्यापेक्षा तिथे जास्त झालं, कारण मालाची किंमत आणि मालाचा मालक बदलला.

तर मग रद्दी कशासाठी गोळा करायची? कारणं आहेत, आणि झाडांपेक्षा भक्कम आहेत. पहिलं कारण कचरा डेपोचं. कागद ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन निघतो, आणि मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तीव्र तापवणारा वायू. वर्तमानपत्र कचऱ्यात न जाता कुठेही गेलं, गिरणीत, बागेत, खताच्या खड्ड्यात, तरी हा तोटा टळतो. एवढ्यावरच रद्दीवाला निम्मं युद्ध जिंकतो.

दुसरं कारण पाण्याचं. लाकूड, बांबू किंवा उसाचं चिपाड शिजवून लगदा करायला रसायनं लागतात, आणि वनस्पतीचा जवळपास निम्मा भाग विरघळून काळ्या द्रवात जातो. मोठ्या गिरण्या तो द्रव जाळून रसायनं परत मिळवतात. छोट्या गिरण्यांना ती यंत्रं परवडत नसत, मग तो द्रव कुठे जात असेल ते सांगायला नको. रद्दीत हे शिजवणं आधीच होऊन गेलेलं असतं. खोक्याचा तपकिरी कागद तर ब्लीचही करावा लागत नाही, आणि अशी गिरणी आपलं पाणी बरंचसं फिरवून फिरवून वापरू शकते. पाण्याचा हिशेब ओझरकरांना शिकवायची गरज नाही. वाघाडच्या कालव्याचं पाणी मोजून घ्यायची आणि संस्था करून वाटायची रीत आपल्याच समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी राज्याला दाखवून दिली आहे.

पण इथेच खर्चाची बाजू सुरू होते. मघाचा काळा द्रव आठवा. तो जाळला की वाफ मिळते, वीज मिळते. म्हणजे लाकडापासून कागद करणारी चांगली गिरणी आपली बरीचशी ऊर्जा त्या लाकडातूनच काढते. रद्दीच्या गिरणीकडे जाळायला काळा द्रव नाही. तिला एकूण ऊर्जा कमी लागते, हे खरं, पण जी लागते ती विकत आणावी लागते, आणि आपल्या देशात विकत आणलेली ऊर्जा म्हणजे बहुधा कोळसा. म्हणून 'ऊर्जा वाचली' आणि 'कोळसा वाचला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. वर्तमानपत्राच्या कागदाच्या बाबतीत दोन्ही बऱ्याच अंशी खरी ठरतात, कारण तो लाकूड घासून करतात आणि त्या घासण्याला भरमसाठ वीज लागते. उत्तम पांढऱ्या कागदाच्या बाबतीत पहिलं खरं, दुसरं संशयास्पद. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगत असू की एका वाक्यात दोन विधानं लपली असतील तर आधी ती सुटी करा.

आता जरा नकाशाकडे चला. आम्ही आमच्या रद्दीवाल्याला विचारलं, माल कुठे जातो? तो म्हणाला, नाशिकचा मोठा व्यापारी, तिथून वापी. वापीत रद्दीवर चालणाऱ्या कागद गिरण्या बऱ्याच आहेत. पेठ रस्त्यानं सुमारे दीडशे किलोमीटर. वापीशेजारून दमणगंगा वाहते, आणि ही दमणगंगा उगम पावते आपल्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावाजवळ. म्हणजे आपल्या घाटमाथ्यावरचं पाणी आणि आपल्या घरातली रद्दी, दोन वेगळ्या वाटांनी खाली उतरून वापीत भेटतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, त्यात अंकलेश्वर पहिलं आणि वापी दुसरं होतं. हे पाप एकट्या कागदाचं नाही. रंग, औषधं, रसायनं यांचे कारखाने तिथे आहेत. पुढे सांडपाणी प्रक्रियेची व्यवस्था वाढली. पण एक गोष्ट समजून घ्या. रद्दीत आपण जे जे घालतो, शाई, चिकटपट्टी, प्लास्टिकचा पापुद्रा, ते नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी गावात चोथा म्हणून उरतं. आपलं अंगण स्वच्छ झालं म्हणजे घाण संपली असं नाही, ती घाट उतरली.

यावर कोणी म्हणेल, मग नकोच ती रद्दी. तर तसंही नाही. देशातल्या कागदापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कागद आज रद्दीपासूनच होतो, आणि आपली रद्दी पुरत नाही म्हणून गिरण्या जहाजांनी परदेशी रद्दी आणतात. तिच्याबरोबर तिकडचा कचराही येतो. आपण इथे स्वच्छ, वेगळी केलेली रद्दी दिली तर तेवढी कमी आणावी लागेल. त्यामुळे किती रद्दी दिली याच्या इतकंच, कशी दिली यालाही महत्त्व आहे. तेलकट पुडा, लॅमिनेट केलेलं प्रशस्तिपत्र, मेणकापडी कप, हे रद्दीत नको. एटीएमची चिठ्ठी आणि एसटीतलं मशीनचं तिकीटही नको. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनं काळं पडणारं रसायन असतं, आणि ते लगद्यात मिसळतं. टिकाऊपणा आणि पुनर्चक्रण यांचं तर वैरच आहे. नाशिकरोडला छापतात त्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूचा, पाण्यात न विरघळणारा, आणि म्हणूनच बाद नोटांचा पुन्हा कागद करणं अवघड. रिझर्व्ह बँक त्यांचा भुगा करून विटा दाबते.

वेगळं करण्याचं हे काम करतं कोण, हा मुद्दा राहिला. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव तिच्यामागे होते. तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या बायकांच्या पोटाचा क्रम नावात आला आहे, पहिला कागद. परदेशात रद्दीचा भाव पडला की आपल्याकडेही पडतो, आणि त्या दिवशी ओला कागद उचलायला कोणी वाकत नाही. पुनर्चक्रणाचं यंत्र वापीत असेल, पण त्याचा पहिला दात ही वाकणारी बाई आहे.

बरं. आता द्राक्षं.

पेपर का लावतात ते बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. गोडी छाटणीनंतर घड भरत येतो, मण्यात पाणी उतरायची वेळ होते, आणि नेमकी तेव्हा थंडी पडते. ओझर-निफाडचा पारा कुठवर उतरतो ते तुम्ही बातम्यांत वाचताच. रात्री कडाका, दुपारी ऊन, या फरकानं हिरव्या जातीचे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी म्हणतात. असा माल निर्यातीत नाकारला जातो. घडाभोवती कागद गुंडाळला की ऊन-थंडीचा तडाखा मऊ होतो. रद्दी नसेल तर बागायतदार कोरा कागद घेईल, किंवा प्लास्टिकचं काही. म्हणजे रद्दीचं पान इथे थेट नव्या कागदाची जागा घेतं, आणि तेही पल्परशिवाय, कोळशाशिवाय, दीडशे किलोमीटरच्या ट्रकशिवाय. हिशेबाला हे फार चांगलं आहे. पायऱ्यांच्या विहिरीत एक पायरी न उतरता तिथल्या तिथे काम झालं.

खर्च काय? तंतू पुढच्या फेऱ्यांना मुकतो. काढणीनंतर ते कागद, दवानं भिजलेले, फवारणीचे थेंब बसलेले, बांधावर पडलेले असतात, आणि आम्ही फिरायला जातो तेव्हा पाहतो, बरेच जण काडी लावतात. जाळला तर सगळा जमाखर्च धुरात गेला. दुसरा प्रश्न शाईचा. अन्नसुरक्षा प्राधिकरण वर्षानुवर्षं सांगतं आहे की वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, २०१८च्या त्यांच्या नियमांत तशी मनाईच आहे. मग द्राक्षाला कसं चालतं? नियम शब्दशः लावण्यापेक्षा त्याचं कारण बघू. वडापावाचं गरम तेल शाई सोडवून घेतं. द्राक्षाची साल थंड, कोरडी, मेणचट, त्यामुळे तेवढी शाई सुटत नाही. दोन्ही प्रकरणं एक नव्हेत. पण द्राक्ष सालीसकट खातात आणि पहाटे दव पडतं, म्हणून निर्धास्तही राहू नये. चकचकीत रंगीत पुरवण्या बागेत देऊ नयेत, त्या गिरणीला जाव्यात, आणि घरी द्राक्षं धुऊनच खावीत. रद्दीच्या लगद्याचा कोरा कागद घेतला की प्रश्न सुटला, असंही समजू नका. जुन्या शाईतलं खनिज तेल पुनर्चक्रित पुठ्ठ्यातून आतल्या धान्यापर्यंत पोहोचतं, हे युरोपात तपासून झालेलं आहे.

एक धोका मात्र बागेतही नाही आणि गिरणीतही नाही, तो आपल्या मनात आहे. जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली दाखवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला. 'पुनर्चक्रित' असा शिक्का असलेली लग्नपत्रिका आम्हाला गेल्या हंगामात आली. आत चार पुठ्ठे, दोन पाकिटं, वर मखमली फीत.

तर वाचनालयाच्या मंडळींना आमचं उत्तर असं. साधी वर्तमानपत्रं बागायतदारांना द्या, पण अटीवर. काढणीनंतर कागद गोळा करून, पिना काढून, खताच्या खड्ड्यात घालायचा. जो काडी लावेल त्याला पुढच्या वर्षी रद्दी नाही. पुरवण्या, मासिकं, खोकी गिरणीला. पांढरा लिहिलेला कागद वेगळा बांधा, त्याला भाव जास्त मिळतो तो उगाच नाही, त्याच्यापुढे अजून पायऱ्या जास्त आहेत. आणि स्थानिक साप्ताहिकांच्या जुन्या फायली कोणालाच देऊ नका. त्या रद्दी नाहीत.

हा नियम आम्ही आधी स्वतःला लावून पाहिला. घरी आमच्या प्रबंधाच्या चार प्रती होत्या, टाइपरायटरवर कार्बन घालून काढलेल्या. चौथी तर इतकी पुसट की परीक्षकांनी ती वाचली असेल यावर आमचा तेव्हाही विश्वास नव्हता. शिवाय चाळीस वर्षांच्या टिपणवह्या. एक प्रत ठेवली, बाकी रद्दीवाल्यापुढे मांडल्या. त्यानं एक उचलली, रेक्झिनची जिल्द अंगठ्यानं दाबून पाहिली आणि परत ठेवली. म्हणाला, "सर, ह्या जिल्दी तुम्हीच फाडून ठेवा. आत पांढरा माल चांगला आहे, पण जिल्दीसकट घेतला तर मला पुठ्ठ्याच्या भावात घालावा लागंल."

परवा दिवसभर आम्ही आणि सौभाग्यवती जिल्दी उसवत बसलो होतो. वाचनालयातल्या फुटकळ बांधीव पुस्तकांचंही हेच करावं लागणार आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता ज्यांना जमेल त्यांनी या. कात्री आणि जुना चाकू घेऊन या, वाचनालयात एकच कात्री आहे.